बुधवार कोणाचा

बाळांनो, डोळे उघडेच ठेवा, फक्त माझ्याबरोबर दोन फळ्या डोळ्यांपुढे आणा. गुडघ्याएवढ्या उंच, पाण्याने काळ्या पडलेल्या, वर धरायला एकेक लोखंडी कडी. टेकडीवरच्या तळ्यातून एक पाट खाली येतो आणि एका जागी दोन तोंडांनी फुटतो. प्रत्येक तोंडाला दगडी खाच, आणि खाचेत एक फळी. डावी फळी वर ओढली की पाणी धाकट्या भावाच्या शेतात, उजवी ओढली की थोरल्याच्या. एक वर असेल तेव्हा दुसरी खाली असलीच पाहिजे. आणि रविवारी दोन्ही खाली.

हा नियम त्या भावांच्या वडिलांचा. सोमवार, मंगळवार, बुधवार धाकट्याचे. गुरुवार, शुक्रवार, शनिवार थोरल्याचे. रविवारी दोन्ही तोंडं बंद, कारण पाणी चालू असलं की उपासनेला बसलेल्या माणसाचा एक कान पाटाकडे राहतो, असं म्हातारबा म्हणायचे. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली होती. अकरा वर्षांत कोणी नियम लिहून काढला नव्हता, कारण कधी गरजच पडली नव्हती.

हे कुटुंब लूथरन मंडळीतलं. पांढऱ्या भिंतींचं साधं चर्च, पुढे एक क्रूस, बाजूला गीतांचे आकडे लावायची लाकडी पाटी, एवढंच. धाकट्या भावाची मुलगी चौदा वर्षांची होती आणि तिचं दृढीकरण जवळ आलं होतं. म्हणजे असं, की बाळपणी बाप्तिस्मा झाला तेव्हा तिच्या वतीने मोठी माणसं बोलली होती. आता तिने स्वतः मंडळीपुढे उभं राहून माझा विश्वास आहे असं सांगायचं, आणि मग पहिल्यांदा प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस घ्यायचा. त्या दिवशी तिच्या पाठीशी खांद्यावर हात ठेवून उभा राहायचा तो धर्मपिता. तिचा धर्मपिता म्हणजे तिचा काका, थोरला भाऊ. बायको लवकर गेलेली, मूल नाही. मुलीला अक्षरं त्याने शिकवली, गाणं त्याने शिकवलं, झाडावरून पडून गुडघा फुटला तेव्हा पाठीवर घालून घरीही त्यानेच आणलं.

त्या वर्षी पाऊस आलाच नाही. तळ्याच्या कडेचा चिखल फुटून त्याची ढेकळं झाली. मग पाळकसाहेबांनी जाहीर केलं की येत्या बुधवारी प्रार्थनेचा दिवस पाळायचा. सगळ्यांनी हातातलं काम ठेवून सकाळपासून चर्चमध्ये यायचं, चुका कबूल करायच्या आणि पाऊस मागायचा.

बुधवार धाकट्याचा होता. मंगळवारी संध्याकाळी त्याने आपली फळी खाली ठोकली आणि बुधवारी दिवसभर गुडघे टेकून पाऊस मागितला. त्याच्या कोबीच्या खालच्या सात ओळींना मात्र थेंब मिळाला नाही.

गुरुवारी सकाळी तो पाटावर गेला तेव्हा थोरला आधीच तिथे उभा होता, धोतर खोचून, उजव्या फळीच्या कडीला हात घालून.

"दादा, आज माझं."

"गुरुवार कधीपासून तुझा झाला?"

"काल माझा गेला ना. कालचा दिवस आपण रविवारसारखा धरला."

"देवाने धरला असेल. फळीने नाही धरला," थोरला म्हणाला. "पाळकसाहेबांनी काम थांबवा म्हटलं, वार मोजायचे थांबवा असं नाही म्हटलं."

"रविवारी फळी बंद असते, आणि रविवार आपण मोजत नाही. बरोबर?"

"बरोबर."

"मग काल बंद होती."

"तू बंद ठेवलीस. मी सांगितलं होतं का?"

धाकट्याने आपली फळी वर ओढली. थोरल्याने ती वरून दाबली. दोघंही पन्नाशीच्या आसपासची माणसं, आणि एका फळीला लोंबकळत होती. मुलगी मागून बादल्या घेऊन येत होती, तिने पाहिलं. ओल्या लाकडावरून काकाचा हात निसटला, फळी धाडकन खाली बसली आणि त्याचा अंगठा लाकूड आणि दगड यांच्यात चिरडला. काका ओरडला नाही. अंगठा बगलेत धरून तो खाली वाकला, आणि बराच वेळ त्याच्या मानेवरची शीर फुगलेली दिसत होती.

"लागलं का?" बाबाने विचारलं.

"तुला पाणी हवं होतं ना? घे. सगळं घे," काका म्हणाला आणि निघून गेला.

बाबाने पाणी घेतलं नाही. तोही घरी आला. त्या गुरुवारी दोन्ही फळ्या खालीच राहिल्या, पाणी वाटेतल्या वाळूत मुरलं, आणि पाऊस काही आला नाही.

शुक्रवारी काकाने उजवी फळी ओढली आणि तिच्याजवळ दगडावर दिवसभर बसून राहिला. अंगठ्याला चिंधी, नख काळंनिळं. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद झालं.

घरच्या विहिरीतून बादल्यांनी पाणी घालणं म्हणजे काय ते ज्याने केलं त्यालाच कळतं. तळं इतकं उतरलं होतं की बाबाच्या तीन वारांतही पाटाचं पाणी खालच्या ओळींपर्यंत पोचत नव्हतं. खालच्या सात ओळी, एका ओळीत चाळीस रोपं. विहिरीपासून एकशे बारा पावलं. बादलीची कडी तळव्यात रुतते, पाणी पायावर हिंदकळतं, धुळीचा चिखल होऊन टाचांना चिकटतो. मुलगी ओंजळीने एकेका रोपाच्या बुडाशी पाणी सोडायची आणि पावलांच्या ठेक्यावर दृढीकरणाची उत्तरं पाठ करायची. प्रश्नोत्तरांचं ते छोटं पुस्तक सगळ्या मुलांना पाठ असावं लागे. आधी आज्ञा, मग तिचा अर्थ. आधी प्रार्थनेची ओळ, मग तिचा अर्थ. क्षमेच्या ओळीपाशी आली की तिची पावलं चुकायची.

"थांबलीस का?" बाबा पलीकडून ओरडायचा.

"अर्थ आठवत नाही."

"आठवत नाही कसा? काल तर घडाघडा म्हणालीस."

"काल म्हटला होता. आज आठवत नाही."

आईने डोक्यावरचा फडका सोडून घाम पुसला. "तिला आठवतोय हो," ती म्हणाली. "तुम्हाला ऐकवायचा नाही एवढंच."

बाबाने कुदळ जमिनीत मारली. जमीन इतकी टणक झाली होती की कुदळ उडून परत आली.

बाबा देवाला मानणारा माणूस होता. प्रत्येक जेवणाआधी हात जोडून उभा राहायचा. चांभाराने जोडा नीट शिवला, शेतकऱ्याने ओळ सरळ काढली, तर तीही देवाची सेवाच, असं त्याला लहानपणापासून शिकवलेलं, आणि त्याच्या ओळी खरोखर दोरी लावल्यासारख्या सरळ असायच्या. पण त्या दिवसांत जेवणाआधीची प्रार्थना तो अशी म्हणायचा, जणू कोणाशी वाद घालतोय. आमेन म्हणताना भाकरीकडे न बघता खिडकीकडे बघायचा. खिडकीतून काकाचं घर दिसायचं.

"काकाला जाऊन एक शब्द बोला ना," मुलगी म्हणाली.

"काय बोलू? चूक त्याची."

"अंगठा त्यांचा चिरडला."

"अंगठा त्याने स्वतः घातला तिथे." बाबाने घास चावला. "आणि हे बघ, तूच पाठ करतेस ना, क्षमा कमावून मिळत नाही म्हणून? आपल्या कामांनी मिळत नाही, फुकट मिळते. मग मी त्याच्या दारात जाऊन काय कमावू?"

आईने पाण्याचा तांब्या जरा जोरातच ठेवला. "ती देवाची गोष्ट झाली. भावाची क्षमा फुकट मिळते असं कुठल्या पानावर आहे?"

"तू मध्ये पडू नकोस."

"मी मध्येच बसते. दर रविवारी बाकावर."

ते खरं होतं. चर्चमध्ये डावीकडचं तिसरं बाक म्हातारबांच्या वेळेपासून या घराचं. बाक बदललं असतं तर मंडळीला कळलं असतं, म्हणून दोघांपैकी कोणीच बदललं नाही. या टोकाला बाबा, त्या टोकाला काका, मध्ये आई आणि मुलगी. गीताचं पुस्तक एकच, आणि आकडा पाटीवर लागला की ते आईच्या मांडीवरून डावीउजवीकडे सरकायचं. बाबाला सूर धरता येत नसे. काकाच्या जाड आवाजाला लटकून तो आजवर गात आला होता. आता तो काकाचा आवाज ऐकायचा नाही असं ठरवून गायचा, आणि दुसऱ्याच ओळीला घसरायचा. मागच्या बाकावरची लोहाराची बायको खोकल्यासारखं करून हसायची.

मग पापांगीकार. सगळी मंडळी एका आवाजात आपण चुकलो असं देवापुढे म्हणते. मुलीच्या डाव्या कानात बाबा म्हणाला, उजव्या कानात काका म्हणाला, दोघंही अगदी मनापासून. पाळकसाहेबांनी हात वर करून देवाच्या नावाने क्षमा जाहीर केली. दोघांनी डोळे पुसले. बाहेर आल्यावर बाबा या वाटेने गेला, काका त्या वाटेने. मुलगी पायरीवर उभी राहिली आणि तिला इतका राग आला की गळ्यातली रिबिन तिने दातांत धरून चावली.

असे तीन रविवार गेले. सात ओळींतल्या चार ओळी पिवळ्या पडल्या. काकाच्या शेतात कांद्याची रोपं होती, तीही एका हाताने सांभाळली जात नव्हती. तण वाढलं होतं. त्याला अंगठ्याशिवाय खुरपं धरता येत नव्हतं, आणि मदतीला कोणाला बोलावणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

एका संध्याकाळी ती काकाकडे गेली. तो ओट्यावर बसून डाव्या हाताने दोरीची गाठ मारायचा प्रयत्न करत होता. तिने दोरी काढून घेतली आणि गाठ मारून दिली.

"ये चिमणे. पाठवलं का तुझ्या बापाने?"

"नाही. मीच आले."

"हं. वाटलंच."

"काका, तुम्ही माझ्यामागे उभे राहणार ना?"

काकाने अंगठ्याची चिंधी नीट केली. "शनिवारी नाव द्यायला जावं लागेल आधी. पाळकसाहेब काय विचारतील ते तुला माहीत आहे."

तिला माहीत होतं. या मंडळीत प्रभुभोजन घ्यायचं असेल तर आदल्या दिवशी पाळकाच्या घरी जाऊन नाव सांगायचं. पाळक एकच प्रश्न विचारतो. मंडळीत कोणाशी वैर आहे का? असेल तर आधी मिटवायचं, मग नाव. वैर ठेवून कोणी त्या मेजापाशी जायचं नाही, आणि जो मेजापाशी जाऊ शकत नाही तो धर्मपिता म्हणून उभाही राहू शकत नाही.

"मग मिटवा ना," ती म्हणाली.

"तो येऊ दे. मी काय नाही म्हणतोय? दार उघडंच आहे."

"बाबासुद्धा हेच म्हणतात. आमचंही दार उघडंच आहे."

"बघ म्हणजे. दोन्ही दारं उघडी आहेत," काका म्हणाला आणि स्वतःच्या बोलण्यावर जरा हसला. तिला हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना ती पाळकसाहेबांकडे वळली. ते टोपी घालून आपल्या मुळ्याच्या वाफ्यात बसले होते, चष्मा घामाने नाकावर घसरलेला.

"पाळकसाहेब, बुधवार कोणाचा ते तुम्ही सांगा. तुम्ही सांगितलं तर दोघंही ऐकतील."

"मी कसा सांगू, बाळ? मी व्यासपीठावरून देवाचं वचन सांगतो. पाट कोणाकडे वळवायचा हे गावाच्या पंचांनी बघायचं. एकात दुसरं मिसळलं की दोन्ही नासतात."

"पण प्रार्थनेचा दिवस तुम्हीच ठेवलात."

"ठेवला."

"तर तो दिवस रविवारसारखा पवित्र होता का?"

पाळकसाहेबांना शिकवायला आवडायचं. त्यांनी मुळा खाली ठेवला. "हे बघ, मुळात दिवस पवित्र नसतो. रविवारी हात हलवला म्हणून देव रागावत नाही. वचन ऐकायला आणि प्रार्थना करायला माणसाला मोकळा वेळ मिळावा म्हणून तो दिवस. वचन पवित्र, वार नाही."

मुलगी वाफ्याच्या कडेला बसली. "मग बुधवारी सकाळी फळी वर करून बाबा चर्चला आले असते, तर चाललं असतं?"

"हो. चाललं असतं की."

"फळी ओढायला किती वेळ लागतो माहीत आहे? मी करते. आमेन म्हणायच्या आत होते."

पाळकसाहेबांनी खाली ठेवलेला मुळा पुन्हा उचलला.

"मग तुम्ही तसं सांगितलं का नाही?"

"मला वाटलं," पाळकसाहेबांनी चष्मा काढला, "मला वाटलं ते सगळ्यांना कळलेलंच आहे. इतकी वर्षं शिकवतोय."

"आता तरी दोघांना सांगाल?"

"आता सांगितलं तर तुझ्या वडिलांना वाटेल मी त्यांना मूर्ख म्हणतोय. आणि काकांना वाटेल मी त्यांच्या बाजूचा आहे." ते पुन्हा वाफ्याकडे वळले. "शनिवारपर्यंत देव काहीतरी करेल. प्रार्थना कर."

ती घरी आली आणि दोन बादल्या उचलून विहिरीवर गेली. त्या संध्याकाळी तिने उत्तरं पाठ केली नाहीत.

शनिवारी चार वाजता दृढीकरणाच्या सगळ्या मुलांना आईबाप आणि धर्मपित्यासह बोलावलं होतं. पाळकसाहेबांच्या पुढच्या खोलीत एक मेज, मेजावर नावांची वही, तीन खुर्च्या आणि एक बाक. एक घर आत, बाकीची बाहेर ओसरीवर रांगेत. या घराच्या मागे लोहाराचं घर होतं.

बाबा धुतलेला सदरा घालून आला होता. काकाही दाढी करून आला होता, डाव्या हाताने केल्यामुळे हनुवटीला दोन ठिकाणी कापलं होतं. दोघं मेजाच्या दोन बाजूंना बसले. आईने मधली खुर्ची घेतली. तिला सवय झाली होती.

पाळकसाहेबांनी घसा साफ केला. "मंडळीत कोणाशी वैर आहे का?" त्यांनी बाबाला विचारलं, पण वहीकडे बघत.

"माझ्या मनात कोणाविषयी काही नाही," बाबा म्हणाला. "मी माझ्याकडून केव्हाच क्षमा केलेली आहे."

"माझ्याकडे कोणी मागितलीही नाही क्षमा," काका छताकडे बघून म्हणाला. "म्हणजे देणारा आपला मनातल्या मनात देऊन मोकळा."

"त्यांना म्हणावं, जो प्रश्न विचारलाय त्याचं उत्तर द्या," बाबा पाळकसाहेबांना म्हणाला.

"देतो. पाळकसाहेब, लिहा. माझंही कोणाशी वैर नाही. भाऊ म्हणून माझं त्याच्यावर प्रेम आहे. फक्त त्याचं तोंड बघवत नाही, पण त्याबद्दल आज्ञा नाही."

आई हातातल्या रुमालाचं टोक पिळत बसली होती. "लिहा एकदाचं," ती पुटपुटली. "उद्या पोरीचा दिवस आहे. लिहा आणि सोडा आम्हाला."

पाळकसाहेबांनी पेन उचललं. माणसाच्या मनात काय आहे ते पाळकाला दिसत नाही, तो ऐकलेलंच लिहू शकतो, आणि बाहेर अजून नऊ घरं उभी होती. त्यांनी बाबाचं नाव लिहिलं. मग आईचं. मग काकाचं. प्रत्येक नावानंतर ते पेन थोडं थांबवायचे, जणू कोणीतरी अडवेल म्हणून. कोणी अडवलं नाही.

"आणि तू, बाळ?" त्यांचा आवाज जरा हलका झाला. हे शेवटचं नाव होतं. "मंडळीत कोणाशी वैर आहे का?"

"हो," मुलगी म्हणाली.

बाबाने मान वळवली. "काय म्हणालीस?"

"आहे वैर. माझं नाव लिहू नका."

"लहान आहे. घाबरली असेल," आई घाईने म्हणाली. "कोणाशी गं? त्या लोहाराच्या पोराशी?"

"त्याच्याशी कशाला? बाबांशी आहे. काकांशी आहे." तिचा शब्द एकेक सुटा येत होता, पाठ केल्यासारखा. "आणि पाळकसाहेब, तुमच्याशीही आहे."

पाळकसाहेबांचं पेन वहीवर टेकलेलं राहिलं आणि तिथे शाईचा एक ठिपका पसरत गेला.

"हे कोणी शिकवलं तुला?" बाबा उभा राहिला. मग मेजापलीकडे बघून, सव्वातीन आठवड्यांत पहिल्यांदा सरळ काकाकडे बघून म्हणाला, "तू शिकवलंस हे. तुझ्याच घरी येऊन बसते ती."

"मी शिकवलं?" काकाही उभा राहिला. "हट्ट कोणाचा आहे हा, ओळखता येत नाही का तुला? लहानपणी असाच दारात आडवा पडायचास. मीच उचलायचो."

"मी कधी आडवा पडलो?"

"कधी नाही पडलास ते विचार!"

"बसा, दोघंही बसा," पाळकसाहेब म्हणाले. "बाळ, तुझं दृढीकरण उद्या आहे. पाहुणे येतील. तुझा पोशाख शिवून झालाय. आज तू नाही म्हण, बाकीचं आपण पुढच्या आठवड्यात..."

"तुम्ही लिहिलेल्या तिन्ही नावांपुढे काय उत्तर आलं ते मी ऐकलंय," ती म्हणाली. "मला तसं नाही द्यायचं."

दारातून लोहाराच्या बायकोचं डोकं आत आलं. "किती वेळ हो? आमच्या म्हशीची धारेची वेळ झाली. एका पोरीचं नाव लिहायचंय का अख्ख्या गावाचं?"

"येतोच, येतोच," बाबा म्हणाला आणि त्याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. तो मुलीच्या कानाशी वाकला. "ऊठ... म्हणजे नीट उभी राहा, आणि नाही म्हण. घरी गेल्यावर मी जाईन त्याच्याकडे. शब्द देतो."

"त्याच्याकडे घरी कशाला? काका इथेच आहेत."

"लोक बघतायत, पोरी."

"फळीवर भांडलात तेव्हाही मी बघत होते."

काकाने तोंडावर हात ठेवला. तो हसतोय की काय ते कळेना. हाताच्या कडेला काळं नख दिसत होतं, बुडाशी नवं नख यायला लागलेलं. बाबाचं लक्ष त्या नखाकडे गेलं आणि तिथेच राहिलं. त्याने ते इतक्या जवळून अजून पाहिलं नव्हतं.

"ते पडणार का?" त्याने विचारलं.

"पडणारच. दुसरं येतंय."

"कांदे कोण खुरपतंय मग?"

"कोणी नाही," काका म्हणाला. मग लगेच ताठ झाला. "पण म्हणून बुधवार तुझा होत नाही."

"झालाच पाहिजे!"

"का म्हणून?"

पाळकसाहेबांनी टोपी काढून मेजावर ठेवली, तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. "त्या बुधवाराबद्दल," ते म्हणाले, "मला एक... माझ्याकडूनच जरा..." आणि ते अडकले.

बाहेर रांग पुढे सरकून दारात दाटली होती. आईने मुलीचा दंड धरला. "चल, बाळा. बाहेर जाऊ आपण. यांना भांडू दे."

मुलीने दंड हळूच सोडवून घेतला. ती मेजापुढे गेली आणि तिथेच जमिनीवर मांडी घालून बसली, अशी की तिला ओलांडल्याशिवाय कोणाला दारापर्यंत जाता येऊ नये. फ्रॉक गुडघ्यांवरून खाली ओढला. मग मान वर करून तिने तिघांकडे पाहिलं आणि ओसरीवरच्या शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पाळकसाहेब आधी. बुधवारपासून सुरू करा."